नावाचा रकाना

सरकारी कचेरीत वीस-बावीस वर्षं काढली की माणसाला एक सवय जडते. कुठलंही रजिस्टर समोर आलं की आतला मजकूर वाचण्याआधी नजर रकान्यांकडे जाते. अनुक्रमांक, तारीख, तपशील, नग, किंमत, शेरा. रकाने बघितले की ते रजिस्टर कुणासाठी आणि कशाला ठेवलंय ते कळतं. हजेरीपटाला नावं लागतात. डेड स्टॉक रजिस्टरला लागत नाहीत, तिथे 'लाकडी खुर्च्या, नग १२' एवढं भागतं.

हे सांगायचं कारण असं, की गेलं वर्षभर रात्रीची जेवणं आटोपली की मी जालावर अशीच रजिस्टरं चाळत बसते. आफ्रिकेतली माणसं जहाजात कोंबून अटलांटिक महासागरापलीकडे नेऊन विकण्याचा धंदा सोळाव्या शतकाच्या आरंभापासून १८६० च्या दशकापर्यंत, म्हणजे साडेतीनशे वर्षं चालला. त्या धंद्याची ही कागदपत्रं. आपल्याकडे गुलामगिरी म्हटलं की जोतीराव फुल्यांचं १८७३ सालचं पुस्तक आठवतं, आणि ते त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केलं होतं हेही बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण खुद्द त्या व्यापाराचा हिशेब कसा लागला, कुणी लावला, तो कुठे बघायला मिळतो, यावर मराठीत फारसं लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही. म्हणून हा खटाटोप.

सुरुवात आकड्यांपासूनच करावी लागेल.

१९६० च्या दशकापर्यंत एकूण किती माणसं नेली गेली याचे आकडे दीड कोटी, दोन कोटी असे पुस्तकांतून सर्रास दिले जात. फिलिप कर्टिन नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने हे आकडे आले कुठून याचा माग काढला. एका पुस्तकाने दुसऱ्याचा हवाला दिलेला, दुसऱ्याने तिसऱ्याचा. असं मागे मागे जात तो पोचला १८६१ साली एका अमेरिकन प्रचारकाने छापलेल्या अंदाजापाशी! शंभर वर्षं मंडळी एकमेकांची नक्कल उतरवत होती. (कचेरीत मागच्या वर्षीची टिपणी बघून यंदाची लिहिणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.) कर्टिनने १९६९ साली छापील साधनांवरून नव्याने बेरीज मांडली आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरलेल्यांचा आकडा सुमारे ९५ लाख काढला. त्यावर वाद झाले. वादाचा फायदा असा झाला की इतिहासकार खरोखरच बंदरांची दप्तरं धुंडाळायला लागले. जकातीच्या वह्या, विमा कंपन्यांच्या नोंदी, 'लॉइड्स लिस्ट'सारखी जहाजांची वार्तापत्रं, वसाहतींतली वर्तमानपत्रं, सगळं. डेव्हिड एल्टिस, डेव्हिड रिचर्डसन, स्टीफन बेहरेन्ट आणि हर्बर्ट क्लाइन या चौघांनी ही सगळी जुळवाजुळव करून १९९९ साली एक सीडी काढली. तीत २७ हजारांवर फेऱ्या होत्या. २००८ पासून तेच काम, आणखी भर घालून, 'स्लेव्ह व्हॉयेजेस' नावाच्या संस्थळावर सगळ्यांना फुकट खुलं झालं. आज त्यात ३६ हजारांच्या आसपास फेऱ्या आहेत.

त्यातून निघालेला हिशेब असा. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजात चढवलेली माणसं सुमारे १ कोटी २५ लाख. पलीकडे जिवंत उतरलेली सुमारे १ कोटी ७ लाख. मधले १८ लाख समुद्रात गेले.

आता हा आकडा कुणाच्या वाट्याला किती, ते आपण गोव्याच्या लोकांनी जरा नीट बघावं. पोर्तुगाल आणि ब्राझीलच्या निशाणाखाली चढवलेले ५८ लाखांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ निम्मे. इंग्रजांचे साडेबत्तीस लाख. उतरले कुठे? सुमारे ४८ लाख एकट्या ब्राझीलमध्ये. आणि सिनेमांतून, कादंबऱ्यांतून गुलामगिरी म्हटलं की जो देश डोळ्यांसमोर येतो, त्या आजच्या संयुक्त संस्थानांच्या भूमीवर आफ्रिकेतून थेट उतरले ते चार लाखांच्या आत. पोर्तुगिजांच्या आमदनीबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलतात. धर्मांतर, इन्क्विझिशन, भाषा, झालंच तर पाव आणि काजू. पण त्या साम्राज्याचा गाडा अटलांटिकच्या बाजूला कशावर चालला होता हे आमच्या शाळेच्या पुस्तकात कधी आलं नाही. आम्हाला शिकवलं वास्को द गामा कुठल्या साली कुठे उतरला ते.

तर त्या संस्थळावरच्या फेऱ्या. एका फेरीची एक ओळ. जहाजाचं नाव, निशाण, मालक, कप्तान, कुठून निघालं, कुठे माणसं घेतली, किती घेतली, किती उतरवली, कुठे, कधी. प्रवासाचे दिवस. तोफा किती. खलाशी निघताना किती, परतताना किती. असे दोनशेहून अधिक रकाने आहेत. मालकाच्या नावाला रकाना आहे, कप्तानाच्या नावाला आहे, जहाजाला तर आहेच. जी माणसं नेली त्यांना नग आहे. पुरुष किती टक्के, मुलं किती टक्के, एवढी फोड क्वचित मिळते. संस्थळ करणाऱ्यांनी हे असं केलं असं कुणी समजू नये. मूळ वह्याच तशा आहेत. बंदरावरच्या जकात कारकुनाला जकात बसवायला नग पुरत होते, तेवढेच त्याने लिहिले.

हे रकाने वाचताना एक गोष्ट मात्र पाळावी लागते. काही रकाने मूळ कागदावरून उतरवलेले असतात, काही हिशेबाने भरलेले. म्हणजे जहाज निघाल्याची नोंद आहे, उतरवलेल्यांचा आकडा आहे, पण चढवलेल्यांचा नाही. मग त्या काळातल्या, त्या मार्गावरच्या इतर जहाजांच्या सरासरीवरून तो रकाना भरला जातो. संस्थळ हे लपवत नाही, भरलेले रकाने वेगळे दाखवलेले आहेत. पण घाईत बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. मोठी बेरीज करताना असे अंदाज चालतात, त्यावाचून बेरीजच व्हायची नाही. एका जहाजाची हकीकत सांगायची असेल तेव्हा मात्र आकडा कुठला ते बघूनच सांगावं.

उदाहरणार्थ झाँग. याची ओळ मी कितीदा उघडली असेल. मूळ डच जहाज, नाव 'झोर्ग', म्हणजे काळजी, निगा. १७८१ साली इंग्रजांनी ते पकडलं, लिव्हरपूलच्या ग्रेगसन नावाच्या व्यापाऱ्याच्या मंडळींनी विकत घेतलं आणि नावाचं झालं झाँग. चढवले ४४२. जमैकाला डिसेंबर १७८१ मध्ये उतरवले २०८. या दोन आकड्यांची वजाबाकी ज्याने त्याने करावी. वाटेत रोगराई होतीच. पण २९ नोव्हेंबरपासून काही दिवसांत कप्तान ल्यूक कॉलिंगवुड आणि त्याच्या माणसांनी १३० च्या वर माणसं जिवंत समुद्रात फेकली. आधी बायका आणि मुलं. कारण सांगितलं, पिण्याचं पाणी संपत आलं होतं. खरं कारण विम्याच्या कागदात होतं. माणूस आजाराने मेला तर नुकसान मालकाचं. जहाज वाचवण्यासाठी 'माल' फेकावा लागला तर भरपाई विमेवाल्याकडून, डोकीमागे ३० पौंड. मधल्या दिवसांत पाऊस पडला होता, जमैकाला पोचताना जहाजावर पाणी शिल्लक होतं, हे नंतर सुनावणीत निघालं.

आणि ते निघालं कशामुळे, तर विमेवाल्यांनी पैसे द्यायला नकार दिला म्हणून. १७८३ साली लंडनला खटला झाला तो खुनाचा नव्हता, विम्याचा होता. ज्यूरीने निकाल मालकांच्या बाजूने दिला. पुढे न्यायमूर्ती मॅन्सफील्डने फेरसुनावणीची मुभा दिली, पण ती झाल्याचा कागद नाही. खुनाचा आरोप कुणावरच झाला नाही. जहाजाची रोजनिशी गायब. ओलाउदा इक्वियानो या एकेकाळी स्वतः गुलाम असलेल्या माणसाने ही बातमी ग्रॅनव्हिल शार्पला जाऊन सांगितली, शार्पने सुनावणीचा शब्दन् शब्द लिहून घ्यायला लावला, म्हणून आज आपल्याला हे ठाऊक आहे. विमेवाल्यांनी निमूट पैसे मोजले असते तर झाँग ही त्या ३६ हजारांतली आणखी एक ओळ राहिली असती. ज्या ओळींवर खटला झाला नाही त्या वाचताना हे डोक्यातून जात नाही.

त्या रकान्यांत एक शेऱ्याचा म्हणावा असा रकाना आहे. माणसांनी बंड केलं का? अभ्यासकांचा अंदाज आहे की दर दहा फेऱ्यांमागे एका फेरीत कैद्यांनी उठाव केला. बहुतेक फसले. पण त्या भीतीपोटी मालकांना जास्त खलाशी न्यावे लागत, डेकवर आडोसा बांधावा लागे, कुणी उडी मारू नये म्हणून कडेला जाळी लावावी लागे. हा सगळा खर्च धरून एल्टिस, रिचर्डसन आणि बेहरेन्ट यांनी हिशेब मांडला की उठावांचं भय नसतं तर आणखी दहा लाखांच्या घरात माणसं नेली गेली असती. खर्चाच्या वहीतून दिसणारा हा प्रतिकार. ज्यांनी ती वही ठेवली त्यांना तो तसा दिसेल असं मुळीच वाटलं नसेल.

आपल्या बाजूचा धागा यात कुठे लागतो? लागतो, आणि एकाच ठिकाणी नाही.

आपण कवडीमोल म्हणतो. ही कवडी मालदीवच्या समुद्रातली. तिथून सिंहलद्वीप आणि बंगालमार्गे ती पोत्यांनी लंडन-ॲमस्टरडॅमला जायची, जहाजाच्या तळाशी वजन म्हणूनही उपयोगी पडायची, आणि तिथून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. तिथे कवडी हे चलन होतं. आजच्या बेनिन देशातल्या विदा बंदरात माणसं कवड्यांवर विकली जात. दुसरा धागा कापडाचा. गुजरातचं आणि चोळमंडल किनाऱ्याचं सुती कापड हे आफ्रिकेत माणसं विकत घेण्याच्या मुख्य वस्तूंपैकी एक होतं. पूर्वेला मोझांबिकमध्ये तर दीव-दमणचे वाणी व्यापारी स्वतः पेढ्या थाटून बसलेले होते. त्यांच्याकडचं कापड उधारीवर घेऊन त्याच्या बदल्यात माणसं गोळा केली जात. आणि हे मोझांबिक १७५२ पर्यंत गोव्याच्या व्हाइसरॉयच्या कारभाराखाली होतं. खुद्द जुन्या गोव्यात रुआ दिरेतावर माणसांचे लिलाव होत असल्याचं सतराव्या शतकाच्या आरंभी इथे राहून गेलेल्या पिरार या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवलंय. आपल्याकडे 'खाप्री' हा शब्द अजून काही घरांतून शिवीसारखा ऐकू येतो, तो त्या काळाचा. अर्थात गोव्यात आलेली आफ्रिकन माणसं हिंदी महासागराच्या व्यापारातली, अटलांटिकच्या हिशेबात ती नाहीत. तो वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधीतरी.

पण मोझांबिकची माणसं अटलांटिकच्या हिशेबात आहेत, पाच लाखांच्या वर. त्यातलंच 'साओ जुझे' हे जहाज. एप्रिल १७९४ मध्ये ते लिस्बनहून निघालं, मोझांबिकला चारशेहून जास्त माणसं घेतली आणि ब्राझीलमधल्या मारान्याँवला निघालं. २७ डिसेंबरला केप टाउनजवळ खडकावर फुटलं. दोनशेहून अधिक बंदी बुडाले. वाचलेल्यांना काही दिवसांत केपलाच विकून टाकलं. १९८० च्या दशकात खजिना शोधणाऱ्या पाणबुड्यांना तिथे एका जहाजाचे अवशेष सापडले, त्यांना ते जुनं डच जहाज वाटलं आणि विषय मिटला. पुढे केपच्या पुराभिलेखात कप्तानाची साक्ष हाती लागली. मग लिस्बनच्या दप्तरात मिळालं, की या जहाजात निघतानाच लोखंडाचे ठोकळे भरले होते. आणि समुद्राच्या तळाशी ते ठोकळे होते! इतकं लोखंड कशाला? माणसाचं वजन इतर मालाच्या मानाने कमी भरतं, जहाज डुलायला लागतं, म्हणून तळाशी लोखंड घालावं लागे. ही माहिती २०१५ साली जाहीर झाली. त्या वर्षी पाणबुड्यांनी मोझांबिकहून आणलेली माती तिथे समुद्रात सोडली. हे सगळं जुळलं ते दोन खंडांतले कागद आणि समुद्रातलं लोखंड एकमेकांशेजारी ठेवल्यामुळे. त्या माणसांची नावं मात्र ना केपला सापडली, ना लिस्बनला.

आता ज्या रजिस्टरात नावाचा रकाना आहे त्याबद्दल.

१८०७ साली इंग्लंडने हा व्यापार बेकायदा ठरवला. त्यांचं आरमार आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांची जहाजं पकडायला लागलं. पकडलेलं जहाज सिएरा लिओनच्या फ्रीटाउन बंदरात आणायचं, न्यायालयात उभं करायचं, आणि आतल्या माणसांची यादी करायची. पुढे हवानालाही असं न्यायालय झालं. या याद्यांत अनुक्रमांक, नाव, वय, स्त्री की पुरुष, उंची, आणि अंगावरच्या खुणा म्हणजे गोंदण, चेहऱ्यावरचे व्रण, असे रकाने आहेत. १८०८ ते १८६२ या काळातल्या अशा ९१,४९१ माणसांची नावं त्याच संस्थळावर शोधता येतात. आणि ही नावं मालकाने ठेवलेली जॉन किंवा मारिया नव्हेत, घरून घेऊन आलेली आहेत.

पहिल्यांदा ती यादी उघडली तेव्हा मी बराच वेळ नुसती खाली खाली सरकवत राहिले. जहाजांच्या ओळी वाचून डोळे मेले होते माझे.

पण रजिस्टर कशाला ठेवलं, हा प्रश्न इथेही विचारायला हवाच. एक कारण असं, की सोडवलेल्या माणसाला पुन्हा कुणी पकडून विकू नये, ओळख पटावी. दुसरं कारण, आरमारातल्या लोकांना सोडवलेल्या डोक्यांमागे बक्षीस मिळे. सुरुवातीला पुरुषामागे ६० पौंड, बाईमागे ३०, मुलामागे १०. तेव्हा मोजणी चोख हवी. 'सोडवलेल्या' माणसांना तरी मोकळं कुठे सोडलं? कायद्यानेच त्यांना उमेदवार म्हणून १४ वर्षांपर्यंत कुणाच्या तरी हाताखाली बांधता येत होतं, नाहीतर फौजेत भरती करता येत होतं.

आणि ही नावं लिहिली कशी? समोर उभा माणूस काहीतरी सांगतोय, दुभाष्या ते पुन्हा म्हणतोय, आणि इंग्रज कारकून कानाला जसं वाटेल तसं रोमनमध्ये उतरवतोय. हवानाला तोच उद्योग स्पॅनिश कानाने. हा प्रकार काय असतो ते गोव्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. शेणव्यांचं सिनाय, प्रभूंचं पोरोब, कामतांचं कामोतिम आणि केणींचं केनीम आपल्या घराघरांतल्या पोर्तुगीज कागदांत पडलेलं आहे. आपल्याला निदान मूळ नाव ठाऊक होतं. इथे ते उलट दिशेने शोधायचं होतं. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या मंडळींनी त्यासाठी ही नावं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित केली आणि आफ्रिकन भाषा बोलणाऱ्या सामान्य लोकांना जालावर आवाहन केलं, की ऐका आणि सांगा, हे नाव तुमच्या भाषेतलं वाटतं का? कुणी योरुबा, कुणी इग्बो, कुणी मेंदे. नावावरून भाषा, भाषेवरून मुलूख. जहाज कुठल्या बंदरातून निघालं ते आधीच माहीत होतं, पण माणूस त्या बंदरात कुठून चालवत आणला होता ते या नावांमुळे कळायला लागलं. असा विदा गोळा करायची ही रीत मला फार आवडली. तज्ज्ञांच्या हाती नव्हतं ते कुणाच्या तरी आजीच्या तोंडी होतं.

संयुक्त संस्थानांत तर या रकान्याची गोष्ट आणखी विचित्र आहे. तिथे १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या. मालकाचं नाव ठळक, आणि खाली: वय ३५, पुरुष, काळा. वय ११, स्त्री. पुन्हा वय, पुन्हा लिंग, पुन्हा रंग. १८६० मध्ये असे ३९ लाखांहून अधिक लोक मोजले गेले, पण नावं जवळजवळ कुणाचीच नाहीत. गुलामी संपली १८६५ साली. १८७० च्या शिरगणतीत ही माणसं पहिल्यांदा नावानिशी येतात. त्यामुळे आज आपल्या पणजोबा-खापरपणजोबांचा शोध घेणारा आफ्रिकन अमेरिकन माणूस १८७० पर्यंत सरसर मागे जातो आणि तिथे धडकतो. ते लोक त्याला १८७० ची भिंतच म्हणतात. ती ओलांडायची तर मालकाच्या कागदांतून जावं लागतं. त्याचं मृत्युपत्र, त्याच्या इस्टेटीची यादी, गहाणखत. आपल्या आजीला शोधायला तिला विकणाऱ्याची वंशावळ आधी पाठ करावी लागते.

ही भिंत थोडीफार ढासळली ती फ्रीडमेन्स ब्युरोच्या दप्तरामुळे. युद्धानंतर मुक्त झालेल्यांना शिधा, दवाखाना, शाळा, मजुरीचे करार, लग्नाची नोंद यासाठी सरकारने हे खातं काढलं होतं, १८६५ ते १८७२. कागदांचा ढीग जुन्या हस्ताक्षरांतला. २०१५-१६ मध्ये हजारो स्वयंसेवकांनी घरबसल्या त्यातली नावं टंकून काढली, सुमारे १८ लाख. मजुरीचा करार, शिध्याची पावती. माझ्यासारख्या कुणा कारकुनाने कंटाळत खरडलेले कागद असतील ते, पण सही किंवा अंगठा घ्यायचा तर समोरच्याला नाव विचारणं भाग होतं.

लुइझियानाचं मात्र वेगळं. तिथे आधी फ्रेंच आणि मग स्पॅनिश अंमल, त्यामुळे नोतारी पद्धत. आपल्याकडे अजून जिची खूण आहे तीच. मालक मेला की नोतार येऊन इस्टेटीची बारीक यादी करणार. त्यात गुलामाचं नाव, वय, कसब, आजार, किंमत, आणि पुष्कळदा तो आफ्रिकेतल्या कुठल्या जमातीचा तेही. ग्वेंडोलिन मिडलो हॉल या बाईंना १९८० च्या दशकात पॉइंट कूपी नावाच्या परगण्याच्या कचेरीत हे कागद सापडले. पुढची पंधरा-एक वर्षं कचेऱ्या पालथ्या घालत त्यांनी एक लाखाच्या आसपास माणसांच्या नोंदी संगणकात भरल्या. २००० साली त्यांचीही सीडी निघाली. २०२२ मध्ये त्या वारल्या. त्यांच्या कामाबद्दल स्वतंत्रच लिहायला हवं.

आणि जिथे सर्वांत जास्त माणसं उतरली त्या ब्राझीलमध्ये? तिथे १८८८ साली गुलामी संपली आणि १८९० मध्ये अर्थमंत्री रुई बार्बोझा यांनी गुलामांच्या मालकीचे सरकारी कागद जाळायचा हुकूम काढला. माजी मालक भरपाई मागत होते, पुरावाच नको म्हणून. हेतू वाईट म्हणता येत नाही. पण राख ती राखच. सुदैवाने सगळं जळलं नाही, आणि चर्चच्या वह्यांना तर त्या हुकमाने हात लागलाच नाही. बाप्तिस्मा, लग्न, दफन. गुलाम असला तरी पाद्रीला आत्म्याची नोंद ठेवणं भाग होतं, त्यात आईचं नाव असे, धर्मपिता-धर्ममातेचं असे. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या जेन लँडर्स आणि त्यांचे सहकारी २००३ पासून ब्राझील, क्युबा, कोलंबियातल्या दमट चर्चांतून या वाळवी लागलेल्या वह्यांची छायाचित्रं काढताहेत. ती जालावर आहेत, पोर्तुगीज वाचता येणाऱ्यांनी जरूर बघावीत. आपल्या गावच्या इगर्जीतली जुनी वही ज्यांनी बघितलीय त्यांना पान ओळखीचं वाटेल.

मालकांच्या नावांचं काय, असं कुणी विचारील. ती व्यवस्थित आहेत. १८३३ च्या कायद्याने इंग्लंडने आपल्या वसाहतींतली गुलामी संपवली तेव्हा २ कोटी पौंड भरपाई दिली. गुलामांना नव्हे, मालकांना. एकूण सुमारे ४६ हजार दावे. प्रत्येक दावेदाराचं नाव, पत्ता, किती माणसं, किती पैसे, सगळं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१३ मध्ये जालावर घातलं. हा भार उचलायला काढलेलं कर्ज इंग्लंडच्या करदात्यांनी २०१५ सालापर्यंत फेडलं. त्यात जॉन ग्लॅडस्टन सापडतात, पंतप्रधान ग्लॅडस्टनचे वडील. २,५०८ माणसांबद्दल १,०६,७६९ पौंड. याच गृहस्थांनी १८३६ मध्ये कलकत्त्याच्या एका पेढीला पत्र टाकलं, की मळ्यांवर आता मजूर हवेत, तुमच्याकडून मिळतील का? १८३८ साली 'व्हिटबी' आणि 'हेस्पेरस' ही दोन जहाजं भारतीय मजूर घेऊन ब्रिटिश गयानाला पोचली. तिथल्या करारबद्ध भारतीय मजुरांची ती सुरुवात. एकाच माणसाच्या दोन फायली, पण एक लंडनला आणि एक कलकत्त्याला लागल्यामुळे दोन वेगळे इतिहास झाले.

असो. एवढ्या सगळ्या रजिस्टरांत त्या माणसांनी स्वतः होऊन लिहिलेलं काहीच नाही का? आहे, आणि मला ते सर्वांत शेवटी मिळालं.

न्यू ऑर्लीन्सला 'साउथवेस्टर्न ख्रिश्चन ॲडव्होकेट' नावाचं एक वर्तमानपत्र निघत असे. १८७९ पासून त्यात 'लॉस्ट फ्रेंड्स' नावाचं सदर यायचं. गुलामीच्या काळात विकल्यामुळे ताटातूट झालेली माणसं त्यात आपल्या माणसांचा शोध घेत. वर्गणीदारांना फुकट, इतरांना ५० सेंट. पाद्रींना विनंती असे, की रविवारी व्यासपीठावरून ही पत्रं वाचून दाखवा. कारण ज्यांच्यासाठी ती होती त्यांतल्या बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं. अशी अडीच हजारांवर पत्रं आता जालावर नावानिशी शोधता येतात.

ही पत्रं साधारण एकाच घडणीची. आईचं नाव सुरुवातीलाच. मग भावंडांची, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. मग कुणी कुणाला विकलं. आमचा मालक अमुक, तो वारला, वाटणीत मी तमुकच्या मुलीकडे गेले, तिच्या नवऱ्याने मला टेक्सासला नेलं, आई तिथेच राहिली. मालकांची नावं या पत्रांतही आहेत, पण आता त्यांचं काम एवढंच, की वाचणाऱ्याला खूण पटावी. काही पत्रांत ताटातूट होऊन तीस-चाळीस वर्षं झालेली असतात. लिहिणारी बाई स्वतः म्हातारी झालेली असते आणि आई हयात असण्याची आशा धरून असते. आपलं नाव बदललंय तेही ती सांगते, तेव्हा मला अमुक म्हणत, आता मी तमुक. आणि खाली पत्ता, पुष्कळदा गावच्या पाद्रीच्या मार्फत.